आठ आकड्यांचा कायदा



मी आज मोटारसायकलच्या टायरच्या जकातीवर बोलणार आहे. लातूर-नांदेडच्या श्रोत्यांपुढं हा विषय कशासाठी, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. आपल्या सोयाबीनचा आणि तुरीचा भाव ज्या कागदावर अडतो, तो कागद कसा वाचायचा हे मला तुमच्यासमोर मांडायचं आहे. त्यासाठी टायर निवडला, कारण तो सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि त्याच्याबद्दल आपल्याला राग-लोभ नसतो. सोयाबीनचं नाव काढलं की सभेत आवाज चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो.

बाहेर आवारात दुचाक्या उभ्या आहेत. शंभर सीसीच्या अनेक गाड्यांच्या टायरवर ८०/१००-१८ असं उठावात लिहिलेलं असतं. ८० मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या १०० टक्के उंची आणि १८ इंची रिम. पुढं ४७पी असं असेल, तर ४७ म्हणजे १७५ किलो भार आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. शेजारी आयएसआयची खूण आणि आयएस १५६२७ हा दुचाकी-तिचाकी टायरच्या भारतीय मानकाचा क्रमांक. दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला एवढी माहिती पुरते. हाच टायर बंदरात उतरला की मात्र त्याच्या अंगावर कुठंही न छापलेला एक आकडा कामाला लागतो. तो आकडा ४०११ ४०.

१९८३ मध्ये ब्रसेल्सला झालेल्या आणि १ जानेवारी १९८८ पासून अमलात आलेल्या करारानं जगात विकल्या-घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला सहा आकडी क्रमांक दिला. व्यापारी त्याला एचएस कोड म्हणतात. आज दोनशेहून अधिक देश आणि प्रदेश हीच यादी वापरतात. भारतानं १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याची अनुसूची १९८६ मध्येच या पद्धतीवर आणली आणि पुढं आपल्या गरजेप्रमाणे आणखी दोन आकडे जोडले. प्रकरण ४० म्हणजे रबर. त्यात ४०११ म्हणजे रबराचे नवे, हवा भरायचे टायर. त्यापुढं १० आलं तर मोटारीचा, २० आलं तर बस-ट्रकचा, ३० विमानाचा, ४० मोटारसायकलचा, ५० सायकलचा. आपल्या आठ आकडी यादीत ४०११ ४० १० हा मोटारसायकलचा आणि ४०११ ४० २० हा स्कूटरचा टायर. जीएसटीतही हीच यादी वापरतात, म्हणून नांदेडच्या दुकानातल्या बिलावर एचएसएन म्हणून हाच आकडा छापून येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारसायकलच्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याच दिवशी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरचा १८ वरून ५ वर आला. सायकलचा टायर आधीपासूनच ५ टक्क्यांत होता. रबर तेच, कार्बन ब्लॅक तोच, नायलॉनची दोरी तीच. कर वेगळा आला तो शेवटच्या आकड्यांमुळं.

आता नियम सांगतो. सुटा नवा मोटारसायकलचा टायर ४०११ मध्ये जातो. त्याच्या आतली ट्यूब ४०१३ मध्ये. वापरलेला किंवा रिमोल्ड केलेला टायर ४०१२ मध्ये. झिजून भंगार झालेलं रबर ४००४ मध्ये. तोच टायर मोटारसायकलला बसवून गाडीच परदेशी पाठवली, तर टायर म्हणून त्याची नोंदच उरत नाही. सगळी गाडी ८७११ मध्ये जाते. वाळूजला १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे आणि बजाजच्या मोटारसायकली आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेपर्यंत जातात. त्या गाड्यांबरोबर जाणारा प्रत्येक टायर निर्यातीच्या आकडेवारीत मोटारसायकलच्या पोटात मोजला जातो. गाडी जोडून न पाठवता सगळे भाग एका पेटीत भरून पाठवले आणि तिकडं जोडले, तरी वर्गीकरणाच्या दुसऱ्या नियमानुसार त्या पेटीला पूर्ण गाडीच समजतात. म्हणून भारतातून किती टायर बाहेर जातात, या प्रश्नाला नुसता ४०११ ४० चा आकडा काढून उत्तर देणारा माणूस अर्धंच उत्तर देतो. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत असे अर्धे आकडे फार छापले जातात.

वस्तू कुठल्या खान्यात टाकायची याचे सहा नियम आहेत. पहिला सगळ्यात मोठा: शीर्षकाचे शब्द आणि त्या प्रकरणाच्या टिपा जे सांगतील तेच खरं. वस्तू दोन खान्यांत बसत असेल तर नेमकं वर्णन करणारा खाना मोघम वर्णन करणाऱ्यापेक्षा वरचढ. टायरच्या बाबतीत शीर्षकातच वापर सांगितला आहे. हा टायर ज्या प्रकारच्या गाडीसाठी बनतो तो प्रकार बघायचा. एखाद्यानं तो नेऊन हातगाड्याला बसवला म्हणून त्याचा खाना बदलत नाही. जिथं शीर्षकात वापराचा उल्लेखच नाही, तिथं मात्र सीमाशुल्क खात्याला वापराचं कारण पुढं करता येत नाही. हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं टायर उद्योगाच्याच एका खटल्यात सांगितलं आहे, आणि त्या खटल्यावर जरा थांबावंसं वाटतं.

डनलॉप इंडिया आणि मद्रास रबर फॅक्टरी, म्हणजे आजची एमआरएफ, या दोन कंपन्या व्हीपी लॅटेक्स नावाचा दुधासारखा द्रव आयात करत. टायरच्या आत दोऱ्याचे थर असतात. त्या दोऱ्यावर रबर घट्ट बसावं म्हणून दोरा आधी या द्रवातून काढतात. कंपन्यांचं म्हणणं, हे कृत्रिम रबराचं लॅटेक्स आहे, म्हणून कच्च्या रबराच्या खान्यात बसतं. खात्याचं म्हणणं, याचा उपयोग चिकटवण्यासाठी होतो, म्हणून ही कृत्रिम राळ आहे आणि तिच्यावर जादा शुल्क लागेल. १९७५ च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती गोस्वामी यांनी निकाल लिहिला. त्यांनी पाहिलं, की या धंद्यात आणि या शास्त्रात वावरणारी माणसं या द्रवाला काय समजतात. ती त्याला रबराचं लॅटेक्सच समजत होती. मग न्यायालयानं असं ठरवलं, की एखाद्या वस्तूला नाव असलेल्या खान्यात शिरायचा रास्त हक्क असेल, तर तिला बेवारस ठरवून 'इतर'च्या खान्यात ढकलता येणार नाही. अर्ध्या शतकानंतरही जकातीच्या खटल्यांत हा निकाल पुढं केला जातो. मला त्याचं मोल वाटतं ते वेगळ्या कारणानं. या निकालानं धंद्यातल्या माणसाच्या रोजच्या समजुतीला कायद्यात वजन दिलं. आडत दुकानातला मुनीम, डाळ मिलचा मालक, टायरचा घाऊक व्यापारी हे लोक वस्तूकडं कसं पाहतात, हा जकातीच्या खटल्यात पुरावा ठरू शकतो.

जकात ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं जकात खातं होतं आणि त्याला करोडगिरी म्हणत. कंपनी सरकारशी १८०२ मध्ये झालेल्या व्यापारी तहात जकातीचा दर पाच टक्के ठरला. बार्शी इंग्रजी मुलखात आणि लातूर निजामाच्या, त्यामुळं या दोन पेठांच्या मध्ये खरोखरीची सरहद्द होती. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली, तेव्हा ती छोटी गाडीसुद्धा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल आणत-नेत होती. करोडगिरीचा नाका डोळ्यांना दिसे. तिथं बैलगाडी अडे, पोती मोजली जात. मुक्तिसंग्रामात १९४७-४८ मध्ये सरहद्दीवरच्या कॅम्पांतल्या तरुणांनी जे नाके उधळले त्यांत करोडगिरीचे नाके होते. विलीनीकरणानंतरही 'ब' वर्गातल्या राज्यांना अशी जकात काही काळ चालू ठेवण्याची मुभा राज्यघटनेच्या कलम ३०६ नं दिली होती, आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीत ते कलमच गेलं. त्या नाक्याविरुद्ध लढता आलं याचं एक साधं कारण असं, की तो कुठं आहे हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आजचा नाका अनुसूचीच्या एका ओळीत असतो. त्या ओळीचा दर रात्रीतून बदलतो आणि आडतीत सकाळी भाव पडतो. शेतकऱ्याला बदललेला भाव दिसतो; ओळ दिसत नाही.

ती ओळ दाखवायची तर पुन्हा टायरकडं यावं लागेल, कारण तिथं चित्र स्वच्छ आहे. टायर बनवायला नैसर्गिक रबर लागतं. ते बहुतांश केरळातल्या छोट्या मळ्यांतून येतं. बाहेरून येणाऱ्या नैसर्गिक रबरावर २०१५ पासून २५ टक्के किंवा किलोमागं ३० रुपये, यांतलं जे कमी असेल ते शुल्क आहे. रबर २०० रुपये किलो असेल तर २५ टक्के म्हणजे ५० रुपये होतात, पण ३० कमी म्हणून ३० लागतात, म्हणजे प्रत्यक्षात १५ टक्के. मळेवाल्याला हे संरक्षण अपुरं वाटतं. टायर कारखानदाराला हेच जाचक वाटतं. कच्च्या मालावर जड शुल्क आणि करारांतल्या सवलतींमुळं तयार टायरवर हलकं, ही उलटी उतरंड आहे, असं टायर उद्योग वर्षानुवर्षं सांगत आला आहे. २०१० पासून लागू असलेल्या आसियान करारात भारतानं नैसर्गिक रबर वगळलेल्या यादीत ठेवलं, म्हणजे मळेवाल्याचं ऐकलं.

मग व्यापारानं तिसरी वाट काढली. नैसर्गिक रबरात थोडी रसायनं मिसळली की ते ४००१ या स्वतःच्या खान्यातून बाहेर पडतं आणि ४००५ मध्ये, संयुक्त रबर म्हणून, जातं. त्यावर शुल्क १० टक्के होतं. माल जवळजवळ तोच, खाना वेगळा, शुल्क कमी. आयात त्या वाटेनं वाढली. २०२३ च्या अर्थसंकल्पात सरकारनं संयुक्त रबराचं शुल्क नैसर्गिक रबराइतकंच केलं. या सगळ्यात केरळातल्या मळेवाल्यांच्या संघटनांचा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. त्यांना नेमकं माहीत होतं की आपलं नुकसान ४००५ मध्ये होतंय. त्यांनी 'रबराला भाव द्या' एवढंच मागून थांबायचं नाही असं ठरवलं आणि क्रमांकावर बोट ठेवलं.

तयार टायरचं दार वेगळ्या पद्धतीनं बंद झालं. १२ जून २०२० रोजी विदेश व्यापार महासंचालनालयानं मोटारी, बस, ट्रक, स्कूटर, मोटारसायकल आणि सायकलच्या नव्या टायरची आयात 'मुक्त' मधून काढून 'निर्बंधित' केली. शुल्क वाढलं नाही, पण परवान्याशिवाय माल आणता येईना. त्याच वर्षी ८ जानेवारीला याच महासंचालनालयानं रिफाइंड पाम तेलाच्या बाबतीत अगदी हेच केलं होतं. इंडोनेशिया-मलेशियाचं पाम तेल नेपाळ आणि बांगलादेशमार्गे, दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराची सवलत घेऊन येत होतं. एक निर्णय तेलाच्या बाजाराचा, दुसरा टायरचा. लातूरच्या रिफायनरीला पहिल्यानं हायसं वाटलं, बुटीबोरीच्या सिएटसारख्या दुचाकी टायर बनवणाऱ्या कारखान्यांना दुसऱ्यानं. दोन्हीकडं संरक्षण मिळालं ते तयार मालाला, कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या वस्तूला.

आता सोयाबीनवर येतो. कच्चं सोयाबीन तेल १५०७ १०, रिफाइंड १५०७ ९०. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ वर नेलं आणि रिफाइंडवरचं १३.७५ वरून ३५.७५ वर. त्या हंगामात हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात सोयाबीन त्याच्या खाली विकलं जात होतं. निर्णय उशिरा आला, पण दिशा शेतकऱ्याच्या बाजूची होती. मग मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्के केलं, एकूण १६.५ वर आणलं. रिफाइंडवरचं ३५.७५ तसंच ठेवलं. दोन्ही दरांतलं अंतर ८.२५ वरून १९.२५ वर गेलं. सरकारनं सांगितलं, यानं देशातल्या रिफायनऱ्या चालतील आणि ग्राहकाला तेल स्वस्त मिळेल. रिफायनरी चालावी हे मलाही हवं आहे. तिथं आपल्याच जिल्ह्यातली मुलं काम करतात. पण सोयाबीनच्या शेतकऱ्याची स्पर्धा रिफाइंडशी नसून कच्च्या तेलाशी आहे. कच्च्या तेलावरचं शुल्क उतरलं की सोयाबीनचा भाव उतरतो. अंतर वाढवून मिळतो तो रिफायनरीला आधार, शेतकऱ्याला नाही. केरळचा रबरवाला आणि औशाचा सोयाबीनवाला या अनुसूचीत एकाच जागी उभे आहेत: कच्च्याच्या ओळीत. आणि गेल्या काही वर्षांत त्या ओळीवरचं छप्पर सगळ्यात आधी उचललं जातं, हे मला अन्यायाचं वाटतं.

तुरीतही असंच झालं. गंमत म्हणजे तुरीला जगाच्या यादीत स्वतःचा क्रमांक २०१२ मध्ये मिळाला. त्याआधी ती 'इतर' कडधान्यांत, ०७१३ ९० मध्ये, मोजली जायची. आज तिचा क्रमांक ०७१३ ६०. मोझांबिक, मलावी, म्यानमारमधून किती तूर कुठं जाते हे एका क्रमांकाखाली स्पष्ट दिसायला लागलं ते त्यानंतर. मोझांबिकशी २०१६ मध्ये खरेदीचा करार झाला. मे २०२१ मध्ये तुरीची आयात निर्बंधित यादीतून मुक्त झाली आणि ती मुदत पुढं वेळोवेळी वाढत राहिली. मार्च २०२३ मध्ये अख्ख्या तुरीवरचं १० टक्के शुल्क काढलं. अख्ख्या तुरीवरचं, डाळीवरचं नाही. लातूरच्या डाळ मिलला कच्चा माल स्वस्त झाला, तयार डाळीचं संरक्षण राहिलं. तूर पिकवणारा पुन्हा कच्च्याच्या ओळीत.

मराठवाड्यातून टायर बाहेरही जातो, आणि तिथं दुसऱ्या देशांची ओळ आपल्याला लागते. बालकृष्ण इंडस्ट्रीज म्हणजे बीकेटी या कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय वाळूजला आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तिनं ट्रॅक्टर, खाणयंत्रं यांच्या टायरवर भर दिला आणि तिच्या मालाचा मोठा हिस्सा युरोप-अमेरिकेत विकला जातो. २०१७ पर्यंत जगाच्या यादीत अशा टायरची विभागणी आधी त्यांच्या नक्षीवर होती: तिरक्या उंच पट्ट्यांची नक्षी असेल तर एक खाना, नसेल तर दुसरा. २०१७ च्या यादीत नक्षी गेली आणि वापर तेवढा उरला. शेतीचे टायर ४०११ ७०, बांधकाम-खाणीचे ४०११ ८०. त्याच वर्षी अमेरिकेनं भारतातून जाणाऱ्या अशा टायरवर, भारत सरकारच्या सवलतींचं कारण देऊन, प्रतिपूरक शुल्क बसवलं. आणि २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतातल्या बहुतेक मालावर तिकडं एकूण ५० टक्के जादा शुल्क लागलं, तेव्हा प्रवासी मोटारीचे टायर त्यातून सुटले, कारण ते आधीच वाहनांच्या सुट्या भागांच्या निराळ्या आदेशाखाली २५ टक्क्यांत होते. मोटारसायकलचा टायर त्या यादीत नव्हता. त्या वेळी ४०११ १० ला २५ आणि ४०११ ४० ला ५० लागत होतं.

इथं बसलेल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी सांगतो. २०११ पासून वर्गीकरणाची पहिली जबाबदारी आयातदारावरच आहे. बिल ऑफ एंट्रीवर क्रमांक तो लिहितो. चुकला तर खातं साधारणपणे दोन वर्षांपर्यंत आणि लबाडी आढळली तर पाच वर्षांपर्यंत मागं जाऊन वसुली करू शकतं. जालन्याच्या किंवा मुंबईच्या एजंटाच्या भरवशावर कोरे कागद सही करून देणं आता परवडणारं नाही. शंका असेल तर माल मागवण्याआधीच मुंबईतल्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो. ते जानेवारी २०२१ पासून काम करतं आणि त्याचे निकाल सगळ्यांना वाचता येतात. लातूर-नांदेडच्या महाविद्यालयांत हे निकाल वर्गात वाचून घेतले जावेत असं मला मनापासून वाटतं. सीमाशुल्क दलालाची परीक्षा देणारी मुलं आपल्याकडून फार थोडी दिसतात, आणि त्यात बुद्धीची अडचण मुळीच नाही. ही अनुसूची वाचायला त्यांना कुणी शिकवत नाही.

दुसरी गोष्ट अशी. दर वर्षी अर्थसंकल्पाआधी अर्थ मंत्रालय व्यापारी आणि औद्योगिक संघटनांकडून शुल्काबद्दल सूचना मागवतं. सूचनेबरोबर उत्पादन, भाव आणि महसुलावर होणारा परिणाम यांची आकडेवारी मागितली जाते. उलट्या उतरंडीची तक्रार असेल तर उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर किती मूल्य वाढतं तेही दाखवावं लागतं. टायर कंपन्यांची संघटना हे नेमानं करते. रबराच्या मळेवाल्यांनी हे शिकून घेतलं आहे. सोयाबीन आणि तुरीच्या बाबतीत आकडे आपल्याजवळच आहेत: आडतीतली रोजची आवक, कच्च्या तेलाचा मुंबईतला भाव, मिलचा उतारा, हमीभावाशी असलेली तफावत. ते १५०७ १० आणि ०७१३ ६० या दोन क्रमांकांखाली मांडले, तर आपली सूचना त्याच टेबलावर जाईल जिथं टायरवाल्यांची जाते. जगाची पुढची यादी १ जानेवारी २०२८ पासून लागू होत आहे आणि तेव्हा भारताची अनुसूचीही तिच्याप्रमाणे पुन्हा मांडली जाईल. बाजार समिती, डाळ मिलवाल्यांची संघटना आणि एखादं महाविद्यालय एकत्र बसणार असतील तर या कामाचा पहिला मसुदा तयार करायला मी माझा वेळ द्यायला तयार आहे, आणि येत्या ऑक्टोबराच्या आत तो पूर्ण व्हावा अशी माझी विनंती आहे.